आश्रयाचे दार

यहोशवाच्या ग्रंथाचा विसावा अध्याय आपल्यापैकी फार थोड्यांनी सावकाश वाचला असेल. अध्याय लहानसा आहे, आणि त्यात बरीचशी नावेच आहेत: केदेश, शखेम, हेब्रोन, बेसेर, रामोथ, गोलान. ही सहा आश्रयनगरे. ज्याच्या हातून नकळत मनुष्यवध घडला, त्याने सूड घेणाऱ्याच्या पुढे धावत सुटावे आणि यांपैकी जवळच्या नगरात शिरून जीव वाचवावा, अशी ती व्यवस्था होती. तीन नगरे यार्देनेच्या एका तीरावर, तीन दुसऱ्या. नदी आडवी आली म्हणून कोणी वाटेत मारला जाऊ नये. अनुवादाच्या ग्रंथात तर या नगरांकडे जाणारे रस्ते नीट करून ठेवण्याची आज्ञा आहे. पळून आलेल्याने वेशीत उभे राहून वडीलधाऱ्यांना आपली हकिगत सांगायची, त्यांनी त्याला आत घेऊन राहायला जागा द्यायची. आणि त्या वेळचा प्रमुख याजक निवर्तला, की त्या माणसाने आपल्या गावी, आपल्या घरी परतायचे.

मनुष्यवध करणाऱ्यासाठी एवढा विचार! वाटेचा विचार, वेशीचा विचार, परतीचाही विचार. मग जिच्या हातून काहीच घडलेले नाही, उलट जिच्याच बाबतीत काही अघटित घडेल अशी भीती आहे, त्या मुलीच्या आश्रयाविषयी आपला विचार कुठवर पोहोचला आहे?

आश्रयनगर ही कल्पना आपल्या महाराष्ट्राला परकी नाही. नाशिकचे शरणपूर हे नावच मुळी त्या कल्पनेवरून आले. एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीने वसवलेल्या त्या वस्तीत अरबी समुद्रातील गुलामांच्या जहाजांवरून सोडवून आणलेली आफ्रिकी मुले राहत, हातचे कसब शिकत. त्यांच्यापैकीच जेकब वेनराइट हा तरुण डॉ. लिव्हिंगस्टन यांचे शव घेऊन १८७४ साली इंग्लंडला गेला. तिकडे मराठवाड्यात, त्या वेळच्या निजामाच्या मुलखात, रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी सालारजंगांकडून जमीन मिळवून जालन्याजवळ बेथेल हे गाव वसवले. गावकुसाबाहेर जन्म गेलेली कुटुंबे तिथे स्वतःच्या घरात राहू लागली. बेथेल म्हणजे देवाचे घर. पण ते नाव पहिल्यांदा दिले ते घर सोडून पळालेल्या याकोबाने, उशाला दगड घेऊन काढलेल्या रात्रीनंतर, हे आपण विसरतो.

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी जुन्या औरंगाबाद जिल्ह्यातून वेगळा झाला. 'जालना सोने का पालना' ही म्हण त्या भागात अजूनही अभिमानाने सांगितली जाते, आणि ती खोटी नाही. लोखंडाच्या भट्ट्या, बियाण्यांच्या कंपन्या, मोसंबीच्या बागा, मोठी बाजारपेठ हे सारे तिथे आहे. पण या सोन्याच्या पाळण्यातून उतरलेल्या पोरीला बोहल्यावर चढायला फार वर्षे लागत नाहीत, हेही तितकेच खरे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या दर शंभर स्त्रियांत सुमारे २२ जणींचे लग्न अठराव्या वर्षाच्या आत झालेले होते. शेजारच्या परभणीत हे प्रमाण ४८, बीडमध्ये ४४ च्या आसपास. जालन्यात साधारणपणे तिघींत एक. शारदा कायदा होऊन तेव्हा नव्वद वर्षे उलटली होती.

गेल्या आगमनकाळात आमच्या धर्मग्रामातील वीस-बावीस जणांची सेवायात्रा या जिल्ह्यातील मुलींच्या एका आश्रयगृहाला भेट देऊन आली. गृहाचे नाव व गाव आम्ही येथे देत नाही. बालन्याय कायदा, २०१५ याच्या ७४ व्या कलमाने अशा मुलींची ओळख पटेल असे काहीही छापण्यास मनाई केली आहे. आणि कायदा नसता तरी ते छापू नये, असेच आम्हाला वाटले असते. पत्र्याचे फाटक, आत कडुनिंब, एका ओळीत चार खोल्या, दोरीवर सारख्याच निळ्या रंगाचे वाळत घातलेले फ्रॉक. मुलींनी स्वागतगीत म्हटले. आम्ही नेलेल्या वह्या, सतरंज्या आणि नाताळचा खाऊ सिस्टरांच्या हवाली केला. छायाचित्र काढण्यासाठी कोणी मोबाईल काढला, तेव्हा सिस्टरांनी हसतच तो पिशवीत ठेवायला लावला.

मग आमच्यातील एक वडीलधाऱ्या बाई, मनाने अतिशय मायाळू, बारा-तेरा वर्षांच्या एका मुलीला जवळ घेऊन विचारू लागल्या. बाळ, तुझे आईवडील कुठे असतात?

"उसाला गेलेत," ती म्हणाली.

आणि तू इथे कशी आलीस? या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळायच्या आत सिस्टरांनी त्या मुलीला चहाचे कप आणायला स्वयंपाकघरात पाठवले, आणि स्वतः येऊन बाईंच्या शेजारी बसल्या. मोसंबीच्या भावाविषयी बोलू लागल्या.

परतीच्या गाडीत यावरून चांगलाच वाद झाला. काहींना सिस्टरांचे वागणे तुटक वाटले. आपण इतक्या दुरून आलो, मदत घेऊन आलो. ती कोणाला मिळते आणि का, हे समजून घेण्याचा आपला हक्क नाही का? शिवाय दुःख बोलल्याने हलके होते. दुसरे म्हणत होते की, दुःख बोलल्याने हलके होते ते ज्याच्यापाशी बोलावेसे वाटते त्याच्यापाशी. दुपारी येऊन संध्याकाळी जाणाऱ्यापाशी नव्हे. त्या वादाचा निकाल गाडीत लागला नाही. तो आम्ही येथे लावू पाहत आहोत.

प्रथम हक्काची गोष्ट. आश्रयनगराच्या वेशीत पळून आलेल्या माणसाला आपली हकिगत सांगावी लागे, हे खरे. पण ती कोणाला? ज्यांना त्याला आत घ्यायचे की नाही ते ठरवायचे होते, त्यांना. नगराच्या प्रत्येक पाहुण्याला ती सांगत बसावी, असे शास्त्र सांगत नाही. आजच्या व्यवस्थेत ते काम बालकल्याण समितीचे आहे. मुलीने काय सोसले ते समितीने ऐकायचे, लिहून घ्यायचे आणि तिथेच ठेवायचे. त्यानंतर ती हकिगत त्या मुलीची मालमत्ता आहे. तिच्यापाशी दुसरी मालमत्ता बहुधा नसतेच. वही-सतरंजीच्या बदल्यात तीही आपण मागून घेतली, तर त्या व्यवहारात देणारे कोण आणि घेणारे कोण?

या बाबतीत पुण्याने फार पूर्वी एक धडा घालून दिला आहे. १८६३ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, तेव्हा शहरात त्याच्या जाहिराती लावल्या. आशय असा की, विधवांनी इथे येऊन गुप्तपणे व सुखरूपपणे बाळंत व्हावे. मूल न्यावे किंवा इथेच ठेवावे, ते त्यांच्या खुशीवर. पुण्याच्या भिंतीवर हे वाचून त्या काळी काय गहजब झाला असेल, त्याची कल्पना करावी. त्या दारात पाऊल टाकणारीला चारचौघांपुढे चारित्र्याचा हिशेब द्यावा लागत नव्हता. काशीबाई नावाची ब्राह्मण विधवा तिथे बाळंत झाली. तिच्या मुलाला फुले दांपत्याने दत्तक घेतले, आणि तोच पुढे डॉक्टर यशवंत झाला. मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायातील राजादेखील भुकेल्याला अन्न दिले की नाही एवढेच विचारतो. तो भुकेला कशाने झाला, याची चौकशी त्या दृश्यात कोणीच करत नाही.

इथवर सिस्टरांची बाजू सरळ दिसते. पण या प्रश्नाला दुसरी बाजू आहे, आणि ती आपल्याला, ख्रिस्तसभेच्या लेकरांना, अधिक बोचणारी आहे.

आयर्लंडमध्ये धर्मभगिनींच्या संस्थांनी चालवलेली 'मॅग्डालीन' गृहे होती. वाट चुकलेल्या म्हणून ठरवलेल्या, किंवा चुकतील अशी भीती असलेल्या मुलींना आश्रय देणे, हाच त्यांचा मूळ हेतू. त्या काळच्या आपल्या कित्येक थोर संस्थांच्या हेतूहून तो वेगळा नव्हता. कोणाला घरच्यांनी आणून सोडले, कोणाला सरकारी यंत्रणेने. आत गेल्यावर पुष्कळ जणींना दुसरे नाव दिले जाई. धोबीखान्यात दिवसभर काम, मजुरी नाही, आणि दाराची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला. १९९३ साली डब्लिनमधील अशा एका गृहाची जमीन विकताना तिथल्या स्त्रियांची थडगी उकरावी लागली, आणि त्यांतल्या कित्येकींच्या मृत्यूची नोंदसुद्धा नसल्याचे उघड झाले. शेवटचा धोबीखाना १९९६ साली बंद झाला. २०१३ च्या सरकारी अहवालाने १९२२ पासून दहा हजारांहून अधिक स्त्रिया तिथे राहून गेल्याचे नमूद केले, आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत आयर्लंडच्या पंतप्रधानांनी संसदेत त्यांची क्षमा मागितली.

या बातम्या आपल्याकडे आल्या तेव्हा, हा चर्चच्या शत्रूंचा प्रचार आहे, असे म्हणून त्या बाजूला सारणारे लोक होते. आम्हाला ते पटत नाही. त्या गृहांत क्रूर स्त्रियाच तेवढ्या होत्या, असे मानणे सोयीचे आहे. पण सामान्य, प्रार्थनाशील, कष्टाळू धर्मभगिनींच्या हातून हे घडले, हीच विचार करण्याजोगी बाब आहे. बंद दारामागे चांगुलपणाही हळूहळू आंबतो. आणि हे केवळ आपल्याच संस्थांचे दुखणे नव्हे. बिहारमध्ये मुझफ्फरपूरच्या मुलींच्या निवाऱ्यात, सरकारी अनुदानावर, जे चालले होते ते कोणाला कळले नव्हते. टाटा समाजविज्ञान संस्थेचे लोक पाहणीसाठी गेले, मुलींशी बोलले, आणि २०१८ साली ते सारे बाहेर आले. २०२० साली दिल्लीच्या न्यायालयाने एकोणीस जणांना दोषी ठरवले.

म्हणजे बाहेरच्या माणसाने आत जाऊन मुलींना विचारणे हे कधी आगाऊपणाचे असते, तर कधी तेच त्यांना वाचवते. दोन्हींत भेद कशाचा? आम्हाला वाटते, प्रश्न कशासाठी विचारला यातच तो आहे. "तू इथे कशी आलीस?" हा प्रश्न विचारणाऱ्याच्या मनाचे समाधान करतो. "इथे तुला कसे वाटते? कोणी मारते का? घरी फोन करू देतात का? रात्री दाराला कडी आतून असते की बाहेरून?" हे प्रश्न मुलीच्या उपयोगाचे आहेत, आणि ते विचारण्यासाठी खाऊ घेऊन जाणाऱ्या मंडळींपेक्षा वेगळी, शिकलेली, तिला पुन्हा पुन्हा भेटणारी माणसे लागतात. अशा गृहांची नोंदणी आणि तपासणी कायद्याने सक्तीची आहे. कुठल्याही धर्मसंस्थेने, आमच्या पवित्र कार्यात सरकारची लुडबूड कशाला, असे म्हणणे आयर्लंडनंतर शोभत नाही. मोबाईल पिशवीत ठेवायला लावणाऱ्या सिस्टरांच्या कार्यालयात तपासणीची वही टेबलावर उघडी होती, हे आमच्यातील काहींनी पाहिले. त्यांचा तुटकपणा आणि ती उघडी वही, या दोन्हींत मिळून आश्रयाचा अर्थ आहे.

आता कृतज्ञतेविषयी. स्वागतगीत म्हणणाऱ्या मुलींकडे पाहताना आपल्या मनात एक गोड भावना येते. तिच्याकडे जरा संशयाने पाहिले पाहिजे. जिच्या डोक्यावरचे छप्पर आणि पानातली भाकरी दुसऱ्याच्या मर्जीवर आहे, तिने गायलेले गीत किती मोकळे? हा प्रश्न पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनाने १८९३ मध्येच महाराष्ट्रापुढे आणला होता. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झालेले आणि पुढच्या वर्षी पुण्यास आलेले ते सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहणार होते. रमाबाई आपली प्रार्थना दार उघडे ठेवून करत. काही मुली आपण होऊन तिथे बसू लागल्या. 'केसरी'ने टीकेची झोड उठवली, न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी सुमारे पंचवीस मुली काढून नेल्या. आपल्या घराण्यांत ही कथा बहुधा रमाबाईंच्या छळाची कथा म्हणून सांगितली जाते. रमाबाईंनी कोणावर जबरदस्ती केली नाही, असे आम्हीही मानतो. तरी विरोधकांच्या शंकेत एक कण खरा होता, आणि तो आपणच उचलून घेतला पाहिजे: जिला जायला दुसरे घर नाही, तिच्या बाबतीत उघडे दारसुद्धा हलकेच आत ओढते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली धर्मस्वातंत्र्याच्या घोषणापत्रात श्रद्धेच्या बाबतीत कोणावरही दडपण येता कामा नये असे शिकवले, ते दुर्बलांच्या बाबतीत तर अधिकच काटेकोरपणे पाळले पाहिजे. जालन्याच्या त्या गृहात सायंप्रार्थनेच्या वेळी अर्ध्या मुली अंगणात लंगडी खेळत होत्या. आमच्यातील काहींना ते खटकले. आम्हाला त्यात घराचे आरोग्य दिसले.

शारदा सदनाचीच दुसरी एक गोष्ट यापेक्षा कमी सांगितली जाते. तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई जोशी. तिने १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला, आणि ती आनंदीबाई झाली. कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला, आणि पुढे बाया कर्वे त्यासाठी गावोगाव निधी मागत फिरल्या. आश्रयाला आलेली मुलगी दाराबाहेर पडून दुसऱ्या दारासाठी निधी गोळा करते आहे, हे पाहून शारदा सदनाच्या सर्व टीकाकारांना उत्तर मिळायला हरकत नव्हती. पण ती ख्रिस्ती झाली नव्हती, म्हणून आपल्या लोकांनी तिचे नाव फारसे घेतले नाही, आणि ती रमाबाईंकडची, म्हणून इतरांनी शारदा सदनाचे.

पण आश्रयगृहाच्या फाटकापाशी थांबून सारा विचार तिथेच संपवणे सोपे आहे. ती मुलगी म्हणाली होती, "उसाला गेलेत." अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या तालुक्यांतून दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास ट्रक आणि ट्रॅक्टर भरभरून माणसे पश्चिम महाराष्ट्राच्या, कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघतात. मुकादम जोडप्याला उचल देतो. नवराबायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. एका दिवसाचा खाडा झाला तर पैसे कापले जातात. घरात मोठा मुलगा असेल तर त्याचे लग्न उरकले की घराला आणखी एक कोयता मिळतो, म्हणजे आणखी एक उचल. आणि मुलगी असेल तर? तिला फडावर न्यावे तर खोपीला दार नाही. गावी म्हाताऱ्या आजीपाशी ठेवावे तर सहा महिने जिवाला घोर. तिचे लग्न करून देणारा बाप नेहमीच राक्षस नसतो. पुष्कळदा तो भ्यालेला असतो. लग्न हेच त्याच्या मते आश्रयगृह. त्याच्या हिशेबातली चूक त्याला कायद्याचे कलम वाचून दाखवून दुरुस्त होत नाही. त्याच्या मुलीला सहा महिने सुरक्षित झोपायला जागा मिळाली, तर होते. म्हणून हंगामी वसतिगृहे, कस्तुरबा गांधी बालिका विद्यालये, आणि २०२१ साली ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी शासनाने मंजूर केलेली संत भगवानबाबा वसतिगृहे ही खरी आश्रयनगरे होत. ती कागदावर नव्हे, कोयता निघायच्या आधी उघडली पाहिजेत. रस्ते नीट करून ठेवा, असे अनुवादाचा ग्रंथ म्हणतो तो हाच रस्ता.

आणि ज्या साखरेसाठी हे सारे चालते, ती आपल्या नाताळच्या करंज्यांत आणि केकमध्ये असते. आमच्या सेवायात्रेने नेलेल्या खाऊतही ती होती. साखर खाऊ नये, असे आम्ही सुचवत नाही. पण कारखान्यांच्या भागात आपले धर्मग्राम आहेत, आपल्या लोकांपैकी काही जण त्या कारखान्यांत नोकरीला आहेत, काहींचा ऊस तिथे जातो. फडावर मुली किती आहेत, आणि त्यांतल्या कितींच्या गळ्यात मंगळसूत्र आहे, हे त्यांना दिसते. ते पाहून १०९८ हा क्रमांक फिरवणे ही तीनशे मैलांच्या सेवायात्रेपेक्षा कमी खर्चाची आणि अधिक अवघड गोष्ट आहे, कारण मुकादम ओळखीचा असतो.

राहिला परतीचा प्रश्न. आश्रयनगरातून माणूस एक दिवस आपल्या घरी जाई. या मुलींपैकी काही जातातही. बालन्याय कायद्याचा कल संस्थेपेक्षा कुटुंबाकडेच आहे, आणि तो योग्य आहे. पण ज्या घरातून पळाली त्याच घरी परतणे ज्यांना शक्य नाही, त्या मुली अठरा वर्षे पूर्ण झाली की कुठे जातात? कायद्यात एकवीस वर्षांपर्यंतच्या अनुरक्षणाची तरतूद आहे. मात्र तशी गृहे मोजकीच. सिस्टरांना आम्ही निघताना विचारले, तुम्हाला काय पाठवू? आम्हाला वाटले, पंखा म्हणतील, तांदूळ म्हणतील. त्या म्हणाल्या, पुढच्या जूनमध्ये आमच्या दोन मुली अठराच्या होतील. दोघी बारावी झालेल्या असतील. एकीला परिचारिका व्हायचे आहे, दुसरीला अजून ठरवता येत नाही. मुंबईकडे तुमच्या ओळखीत त्यांना भाड्याने खोली देणारे, पण त्यांच्याकडे कुतूहलाने न बघणारे एखादे घर असेल तर कळवा.

जालन्याहून देवगिरी एक्स्प्रेस रात्री सुटते आणि सकाळी मुंबईला पोहोचते. आमच्या धर्मग्रामात किती घरांना एक खोली जास्तीची आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. दिवाळीनंतर त्या भाड्याने देण्याच्या पाट्या चर्चच्या फलकावर लागतात. या वेळी त्या पाट्यांवर, 'फक्त कुटुंबासाठी' असे किती ठिकाणी लिहिले जाते, ते आम्ही पाहणार आहोत.